शून्य रुपयांची तीन दरपत्रके

रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मुंबईहून निघते तेव्हा त्यात एक ओळ असते. चाकूरला पोचेपर्यंत त्या ओळीची समिती होते.

31 डिसेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे लांबलचक परिपत्रक काढले. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी सुमारे 94 कोटी रुपये पळवले होते, तेही तिजोरीला हात न लावता. त्यामुळे सहकारी बँकांकडे बघण्याची रिझर्व्ह बँकेची नजर बदलली होती. परिपत्रकात एक अट अशी होती की प्रत्येक बँकेचे स्वतःच्या नावाचे ईमेल डोमेन असावे आणि त्या टपालावर फसवी पत्रे, विषाणू व तोतयेगिरी यांचा बंदोबस्त असावा.

आमच्या बँकेचे नाव सांगत नाही. चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ, अहमदपूर, उदगीर या बाजूला ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना ते कळेल, आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. परिपत्रक आले तेव्हा बँकेचा अधिकृत ईमेल पत्ता होता. पासबुकावर छापलेलाही होता. एका माजी व्यवस्थापकांनी तो फुकटच्या सेवेवर उघडला होता आणि त्यात बँकेच्या नावापुढे त्यांच्या थोरल्या मुलाचे जन्मसाल होते. पासवर्डमध्ये आधी मुलाचे नाव होते. मुलाचे लग्न झाल्यावर सुनेचे झाले. साहेब निवृत्त होऊन औरंगाबादला गेले तरी पासवर्ड त्यांच्याकडेच राहिला, आणि महत्त्वाची मेल आली की तेच फोन करून सांगत, "अरे, लेखापरीक्षकांचं काहीतरी आलंय, उघडून बघा." ठेवीदारांची सगळी माहिती अशी एका सद्गृहस्थाच्या संसारात सुखाने नांदत होती.

समिती नेमली गेली. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, एक आडत दुकानदार संचालक, एक डॉक्टर संचालक, एक शेतकरी संचालक आणि हिंजवडीत नोकरीला असलेला कुणाचा तरी भाचा, जो फोनवरून कायम निमंत्रित होता. संगणक विभागाचा प्रमुख म्हणून मी सचिव. विभागात मी, एक खुर्ची आणि एक यूपीएस आहे. यूपीएस माझ्यापेक्षा सीनियर आहे.

मी टिपण तयार करून नेले. बाहेरचे आणि शाखांचे टपाल घेणारा एक प्रोग्रॅम लागतो, ते पेटीत ठेवून माणसाला दाखवणारा दुसरा, नकोसे ओळखणारा तिसरा आणि विषाणू शोधणारा चौथा. पहिल्या कामासाठी जगात चार घराणी प्रसिद्ध आहेत असे सांगून मी सुरुवात केली. सगळ्यात जुना सेंडमेल, बर्कलीच्या एरिक ऑलमनचा. त्याची सेटिंगची फाईल मी छापून नेली होती. डॉक्टरांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, "हे अक्षर माझं नाही." सेंडमेल तिथेच बाद झाला.

दुसरा क्यूमेल. डॅनियल बर्नस्टाइन या गणिताच्या प्राध्यापकाचा. यात सुरक्षेचे भोक दाखवेल त्याला 500 डॉलर देईन, असे त्याने 1997 मध्ये जाहीर केले होते. आडत दुकानदार संचालक सरसावून बसले.

"बक्षीस नेलं का कुणी?"

"त्याच्या मते कुणालाच लागू झालं नाही."

"मग माणूस पक्का हाय. हेच घ्या."

त्याने 1998 नंतर मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्तीच काढलेली नाही, असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, "भोकच नाही तर नवी कशाला काढंल?" या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तिसरा एक्झिम, केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये लिहिलेला. त्यावर कुणीच काही बोलले नाही, कारण तेवढ्यात चहा आला. चौथा पोस्टफिक्स. वीत्से व्हेनेमा या डच माणसाने तो आयबीएममध्ये असताना 1998 मध्ये बाहेर आणला. यात एकच मोठा प्रोग्रॅम नसून छोटे छोटे बरेच आहेत. प्रत्येकाला एकच काम, कुणालाही गरजेपेक्षा जास्त अधिकार नाहीत आणि कुणाचाही कुणावर विश्वास नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्यासारखंच. एकानं व्हाउचर लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडं." पोस्टफिक्सला माझ्या टिपणाने निवडले नाही, सहकार खात्याच्या सवयीने निवडले.

भाच्याने मात्र फोनवरून झिम्ब्रा सुचवला. त्यात सगळे एका ठिकाणी मिळते आणि त्याचे बरेच इंजिनिअर पुण्यात बसतात. शेतकरी संचालकांनी एकच प्रश्न विचारला. "सातबारा कुणाच्या नावावर हाय?" मी फेरफार वाचून दाखवले: 2007 मध्ये याहू, 2010 मध्ये व्हीएमवेअर, 2013 मध्ये टेलिजंट, 2015 मध्ये सिनॅकॉर. ते म्हणाले, "लई हातातून गेलीय ही जमीन. कामून नादी लागायचं?" भाच्याला फोनवर हे नीट ऐकू गेले नाही, पण त्याने "एक्झॅक्टली" म्हटले आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले.

खरी अडचण पुढे होती. बँकेच्या खरेदीच्या नियमाप्रमाणे कोणत्याही वस्तूला तीन दरपत्रके लागतात. पोस्टफिक्सला दर नाही. टपाल पेटीत ठेवून दाखवणाऱ्या डव्हकॉटला नाही. नकोशी पत्रे ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनला नाही, विषाणू शोधणाऱ्या क्लॅमएव्हीला नाही. जगभर लोक ही सॉफ्टवेअरे उतरवून घेतात आणि कामाला लागतात. आम्हाला तसे करता येईना, कारण न विकल्या जाणाऱ्या वस्तूचे दरपत्रक द्यायला विक्रेताच नव्हता. लेखापरीक्षकांनी आगाऊ कळवून ठेवले होते की "तुलनात्मक तक्त्याशिवाय खरेदी अमान्य." मी म्हणालो, ही खरेदीच नाही. त्यावर ते म्हणाले, "मग ही देणगी आहे. देणगी घ्यायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. देणगीदाराचा पॅन नंबर आहे का?"

व्हेनेमांचा पॅन नंबर माझ्याकडे नव्हता.

शेवटी लातूरच्या तीन संगणक दुकानांना पत्रे गेली. तिघांनीही सॉफ्टवेअरची किंमत शून्य लिहिली आणि बसवून देण्याची वेगवेगळी. तुलनात्मक तक्ता झाला: शून्य, शून्य, शून्य. सर्वांत कमी दर कुणाचा यावर तिघेही पात्र ठरले. मग वाटाघाटीला बोलवावे असे ठरले. आडत दुकानदार संचालकांचे सगळे आयुष्य लातूरच्या बाजारात तुरीचा भाव पाडण्यात गेलेले. शून्यावरून खाली आणता येत नाही हे त्यांना पटायला दुपार गेली. तरी उठताना त्यांनी एक यूपीएसची बॅटरी सोडवून घेतलीच.

विषाणूच्या बाबतीत समिती जरा हळवी झाली. क्लॅमएव्ही हा पोलंडच्या टोमाश कोय्मने सुरू केलेला, आता सिस्को या अमेरिकी कंपनीच्या छत्राखाली असलेला प्रोग्रॅम. अध्यक्ष म्हणाले, आपल्या महाराष्ट्रातले काही नाही का? आहे की. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या कैलास काटकरांनी धाकट्या भावाला संगणक शिकायला घातले, संजय काटकरांनी विषाणू काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुण्यातून क्विक हील उभे राहिले. हे ऐकून सगळ्यांना भरून आले. क्विक हील शाखांतल्या संगणकांवर आधीपासून होतेच. त्याला पैसे पडत असल्यामुळे त्याच्या दरपत्रकांचा कधी प्रश्न आला नव्हता. सर्व्हरवर क्लॅमएव्ही आणि टेबलावर क्विक हील, असे दुहेरी कवच ठरले.

शेतकरी संचालकांनी विचारले, "ह्ये औषध कितीदा मारावं लागतंय?"

"रोज. नव्या विषाणूंची यादी रोज येते."

"रोज? सोयाबीनला बी एवढं लागत नाही."

यादी रोज वाढते आणि क्लॅमएव्ही ती सगळी मेमरीत घेऊन बसतो. त्याला एकट्याला एक जीबीच्या वर लागते. आमच्या जुन्या सर्व्हरमध्ये सगळी मिळून दोन होती. पहिल्या दिवशी विषाणूरक्षक इतका पोटभर जेवला की टपालाला जागाच उरली नाही; त्या दिवशी बँकेत एकही विषाणू आला नाही, कारण काहीच आले नाही. अध्यक्षांनी अभिनंदन केले.

रक्षक जागा आहे की नाही हे तपासायला आयकार नावाची एक चाचणीची फाईल असते. 68 अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण तिला पाहून आरडाओरडा करायचा असे सगळ्या कंपन्यांनी आपसात ठरवलेले आहे. मी ती अहमदपूर शाखेतून मुख्य कार्यालयाला पाठवली. क्लॅमएव्हीने पकडली, लाल अक्षरांत सूचना आली, आणि शाखाधिकाऱ्यांनी काउंटर बंद करून ग्राहकांना बाहेर काढले. कुणीतरी अग्निशमनाचे नळकांडेही उतरवले होते. खोटी आहे, खोटी आहे, असे मी फोनवर सांगत राहिलो. "खोटी असती तर लाल कशाला झाली असती?" असे मला ऐकवण्यात आले.

पण खरी गंमत नकोशा पत्रांच्या गाळणीची. स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला गुण देतो, आणि पाच गुण झाले की पत्र वाईट. आयुष्यभर पस्तीसला पास समजणाऱ्या आमच्या लोकांना पाचाला नापास ही कल्पनाच क्रूर वाटली. गुण कशाचे? तर पत्रात कर्जाचा उल्लेख, कमी व्याजाचे आमिष, तातडी, खाते बंद होण्याची धमकी, मोठ्या रकमा, मोठ्या अक्षरांतला इंग्रजी विषय. आता सांगा, बँकेने दुसरे काय लिहावे? आमच्या वसुली विभागाचे प्रत्येक पत्र "अर्जंट" या शब्दाने सुरू होते, मध्यात थकीत रक्कम असते आणि शेवटी धमकी. नव्या सर्व्हरने पहिल्याच आठवड्यात वसुली विभागाला आंतरराष्ट्रीय फसवणूक टोळी ठरवले. कर्जदारांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

यावर उपाय आहे. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिले की यंत्राला नियम शिकवण्यापेक्षा तुमचीच चांगली-वाईट पत्रे दाखवा, ते शब्दांच्या संभाव्यतेवरून स्वतः शिकेल. स्पॅमअसॅसिनमध्येही ती सोय आहे, पण किमान दोनशे चांगली आणि दोनशे वाईट पत्रे पाहिल्याशिवाय ती मत देत नाही. लोकशाहीत इतका संयम असलेला दुसरा कुणी मला माहीत नाही. मी सगळ्या शाखांना दोन कप्पे करून दिले, "हवे" आणि "नको", आणि आपापले टपाल वर्गीकरण करून पाठवा म्हणालो. एका शाखेने मुख्य कार्यालयाची झाडून सगळी परिपत्रके "नको"मध्ये टाकून पाठवली. दुसरीने लॉटरी लागल्याच्या मेल "हवे"मध्ये ठेवल्या. लागली तर काय घ्या. यंत्र बिचारे जे दाखवले ते शिकले. त्यानंतर काही काळ अध्यक्षांच्या दिवाळी शुभेच्छा अडत होत्या आणि नायजेरियाच्या राजपुत्राला थेट प्रवेश होता.

मराठीचाही तिढा पडला. आमचे जुने लोक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन करतात. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की पलीकडे उलटीसुलटी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. गाळणीला हे गुपित संदेश वाटत. त्याच सुमारास एका निवृत्त लिपिकाने वीस वर्षांपूर्वी बनवलेली पिग्मीच्या व्याजाची एक्सेल फाईलही अडू लागली, कारण तिच्यात मॅक्रो होते आणि मॅक्रो हे विषाणूंचे आवडते घर. ती फाईल कशी चालते हे बँकेत कुणालाही माहीत नाही. ती थांबली तर पिग्मीचे व्याज थांबते. सगळ्या तालुक्याच्या अल्पबचतीचा भार एका संशयिताच्या खांद्यावर आहे, हे आम्हाला सर्व्हरमुळे कळले.

सगळ्यांना एकदम पटलेली गोष्ट एकच: ग्रेलिस्टिंग. 2003 मध्ये इव्हन हॅरिस यांनी मांडलेली ही युक्ती. अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदा पत्र आले की घ्यायचे नाही. "आत्ता नाही, थोड्या वेळाने या" म्हणून परत पाठवायचे. खऱ्या सर्व्हरला काम असते, तो पुन्हा येतो. लाखो पत्रे उधळणाऱ्या लबाडाला तेवढा वेळ नसतो. मी हे समजावून सांगत असताना आमचे मुख्य लिपिक हसू लागले. दाखल्यासाठी सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कुणालाही यात नवीन काय आहे? ज्याला खरंच गरज आहे तो उद्या येतोच. हॅरिस साहेबांनी एकदा मराठवाड्यात चक्कर मारली असावी, असा त्यांचा दाट संशय आहे.

तरीही गाळणी हरली, आणि ती यंत्रामुळे नाही. अध्यक्षांच्या व्याह्यांची मेल दहा मिनिटे उशिरा आली. त्यांनी फोन केला. अध्यक्षांनी मला बोलावले. "अहो, व्याह्यांना थांबवायलाव तुम्ही?" मी व्याह्यांना पांढऱ्या यादीत घातले, या यादीतल्या माणसाला कुणी तपासत नाही. आठवडा संपेपर्यंत डॉक्टरांचे मेहुणे, आडत दुकानदारांचे हुंडेकरी, फ्लेक्सवाला, दोन वकील आणि भाचा स्वतः त्या यादीत आले. चाकूर हे इतके छोटे गाव आहे की कुणीही कुणाला पूर्ण अनोळखी नाही, आणि अनोळखी माणसावाचून गाळणीला काम नाही. देशाच्या सीमा राखायला शिकवणारे सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आमच्या गावात आहे, शिवराज पाटील चाकूरकरांच्या रूपाने गावाने देशाला गृहमंत्री दिला आहे, आणि आमच्या टपालाच्या सीमेवर मात्र सगळेच पाहुणे. पहिला खरा विषाणू आला तो अर्थातच व्याह्यांकडून. पत्रिकेची पीडीएफ म्हणून आला. क्लॅमएव्हीने नाही, टेबलावरच्या संगणकाने पकडला. व्याही यादीतून निघाले नाहीत. लग्न तोंडावर होते.

तोतयेगिरीचा प्रकारही एकदा झाला. अध्यक्षांच्या नावाने लेखा विभागाला मेल आली: मी बैठकीत आहे, कृपया एवढी रक्कम या खात्यावर तातडीने पाठवावी, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. सर्व्हरने ती सोडली. लेखा विभागातल्या मॅडमनी वाचताक्षणी बाजूला टाकली. कसे ओळखले, असे विचारले तर म्हणाल्या, "साहेब कधी 'कृपया' म्हणालेत का?" जगातल्या कोणत्याही कंपनीने असा नियम लिहिलेला नाही. मी तो स्पॅमअसॅसिनमध्ये घातला: अध्यक्षांच्या नावाच्या पत्रात "कृपया" आढळल्यास तीन गुण, "आभारी" आढळल्यास आणखी तीन. आजवर एकदाही चुकलेला नाही.

अशा तोतयांसाठी रिझर्व्ह बँकेने डीमार्क नावाची व्यवस्था सांगितली आहे. पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव एक आणि प्रत्यक्ष निघाले दुसरीकडून, असे दिसले तर पलीकडच्याने काय करायचे हे आपण आधीच जाहीर करून ठेवायचे. संचालकांना हे समजावणे सोपे गेले, कारण लातूर रोड हे स्टेशन चाकूर तालुक्यात आहे. नाव लातूरचे लावून तिथे उभे असते, आणि परगावचा माणूस लातूर आले म्हणून बॅगा घेऊन उतरतो. डीमार्क असता तर त्याला गाडीतच कळले असते.

एवढे सगळे बसवून, शिकवून, व्याह्यांसह स्थिरस्थावर होते न होते तोच फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की सर्व बँकांनी "डॉट बँक डॉट इन" या नव्या डोमेनवर यावे; एप्रिलमध्ये मुदतही दिली, 31 ऑक्टोबर 2025. समिती पुन्हा बसली. या वेळी अध्यक्षांनी पेपरातले कात्रण आणले होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे टपाल झोहो कंपनीच्या व्यवस्थेवर गेले आहे आणि त्या कंपनीचे काम तमिळनाडूत तेन्काशीजवळच्या खेड्यातूनही चालते. "खेड्यातून सरकारचं टपाल चालतंय, तर आपलं कामून नाही?" मी म्हणालो, त्यांच्याकडे हजारो इंजिनिअर आहेत आणि आपल्याकडे मी. त्यांनी थोडा विचार केला आणि यूपीएसची बॅटरी नवी घ्यायला मंजुरी दिली.

माझे स्वतःचे मत विचाराल तर छोट्या संस्थेने बाहेरचे टपाल विकतच्या सेवेवर ठेवावे आणि शाखाशाखांतले आपल्या सर्व्हरवर. फुकटच्या सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, पण रात्री अकराला फोन उचलणारा माणूस लागतो, आणि त्याचे दरपत्रक कुणी मागत नाही. आम्ही टपालाची अशीच विभागणी केली आहे. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, भाचा फोनवर "एक्झॅक्टली" म्हणाला.

तर ठेवीदार, कर्जदार आणि पाहुणेमंडळींना विनंती: बँकेला मेल करताना विषयात "अर्जंट" लिहू नये. मॅक्रोवाली एक्सेल जोडू नये. पिग्मीची एक आहे तेवढी पुरे. मेल पोचायला पंधरा मिनिटे लागली तर अध्यक्षांना फोन करू नये, ती येते. आणि बँकेकडून पासवर्ड किंवा ओटीपी मागणारे पत्र आले, त्यात "कृपया" असो वा नसो, तर उत्तर न देता सरळ शाखेत यावे. लाल सूचना आल्यामुळे काउंटर बंद नसेल, तर आम्ही तिथेच आहोत.